जटेवरची फवारणी

पौषात हरभऱ्यावर अळी पडली आणि गावातला जो तो धडधाकट माणूस पाठीला पंप बांधून रानात गेला. त्याच आठवड्यात चंद्रभागाबाईच्या डोक्याला खाज सुटली. अळीवर काय मारायचं हे कृषी केंद्रवाल्यानं झोपेतसुद्धा सांगितलं असतं. खाजेवर काय मारायचं हे मात्र कोणी सांगेना, कारण खाज देवीच्या जागेवर होती.

चंद्रभागाबाईच्या डोक्यावर जट होती. टाळूपासून निघालेली, मनगटाएवढी जाड आणि कमरेखाली लोंबणारी एकच एक जट. दोन किलोची तरी असेल, असं शेजारची शालूबाई म्हणायची, आणि शालूबाईला कोंबडी नुसती हातात धरून वजन सांगायची सवय होती. जटेला कंगवा लावायचा नाही आणि कात्रीचं तर नावही काढायचं नाही, असा नियम होता. हा नियम कोणी केला ते गावात कोणाला ठाऊक नव्हतं. मोडला तर काय होतं ते मात्र सगळ्यांना तोंडपाठ होतं.

दर शुक्रवारी बाया यायच्या. जटेला हळद-कुंकू लावायच्या, पाया पडायच्या, सुनेचं, सासूचं, म्हशीचं गाऱ्हाणं सांगायच्या आणि हलक्या होऊन घरी जायच्या. हळद मागं राहायची. वर्षानुवर्षांची हळद केसांत मुरून तिचा गिलावा झाला होता. थंडीचा कोरडा वारा सुटला की सगळं वाळून काथ्यासारखं ताठ व्हायचं आणि बुडाशी जी आग सुटायची ती सुटायची. धुवावं म्हटलं तर जट दोन दिवस वाळत नाही, ओल्या घोंगडीचा वास मारते आणि वर छातीत कफ धरतो. म्हणून दिवाळीपासून डोक्याला पाणी नव्हतं. चंद्रभागाबाई मोडक्या छत्रीची तार जटेच्या बुडात घालून खाजवायची. झोपायचं तर डाव्याच कुशीवर, कारण उजव्या कुशीला जट आडवी यायची. एवढ्या वर्षांत तिची मानही जरा डावीकडंच कललेली राहू लागली होती. ती कायम कोणाचं तरी ऐकून घेत असल्यासारखी दिसायची, आणि शुक्रवारच्या बायांना ते फार आवडायचं.

"आत्या, तार गंजलेली हाय," सून दिपाली म्हणाली. "धनुर्वात व्हईल."

"व्हऊ दे. दवाखान्यात तरी पालथं झोपू देतील."

दिपाली सेनगावकडची, बारावी झालेली. तिचा नवरा शिवहार वाळूजला कंपनीत होता आणि खोली मिळाली की बायकोला घेऊन जातो असं लग्नापासून सांगत होता. तोवर दिपाली इथं सासू, सासरे, शेळ्या आणि मोबाइल सांभाळत होती.

मागच्या वर्षी हिंगोलीहून दोन बाया आणि एक सर आले होते. जट म्हणजे काय, तर केसांत धूळ, तेल, घाम साचून झालेला गुंता, असं सरांनी सोप्या भाषेत समजावून सांगितलं. कोप-बिप काही होत नाही, आम्ही अलगद कापून देतो, म्हणाले. चंद्रभागाबाईला सगळं पटलं. तिनं तिघांना चहा पाजला आणि न्हाई म्हणाली. जाताना सरांनी तिच्याकडं, फार खोल विहिरीत वाकून बघावं तसं बघितलं.

अज्ञानाचा प्रश्नच नव्हता. जट कशी आली ते चंद्रभागाबाईला सरांपेक्षा जास्त माहीत होतं.

शिवहार पाचवीत असताना तिला टायफाइड झाला. महिनाभर अंथरुणाला खिळली, डोक्याचं घरटं झालं. उठून बसायला लागली तेव्हा एका संध्याकाळी चुलीपुढं बसून ती बोटांनी गुंता सोडवत होती आणि तव्यावरची भाकरी करपली. नवरा दगडोबा नुकताच रानातून आला होता. दगडोबा दारूला शिवत नसे. पिऊन मारणाऱ्याची एक सोय असते, सकाळी त्याला आठवत नाही. दगडोबा पुऱ्या शुद्धीत मारायचा आणि मग हात धुऊन जेवायला बसायचा. त्या संध्याकाळी त्याचा उजवा हात वर गेला, आणि कोपऱ्यातून त्याची म्हातारी आई किंचाळली, "देवीला मारतोस का रे मुडद्या! तिच्या डोक्यात काय आलंय बघ की!"

हात वरच्या वर थांबला. थोडा वेळ दगडोबाला त्या हाताचं काय करावं ते सुचेना. मग त्यानं त्याच हातानं कान खाजवला आणि बाहेर निघून गेला.

त्यानंतर एकदाही नाही. म्हातारीला तेव्हा खरंच देवी दिसली का सून दिसली, हे चंद्रभागाबाईनं तिला मरेपर्यंत विचारलं नाही. काही गोष्टी विचारून खराब करू नयेत एवढी अक्कल तिला होती. तिनं कंगवा उचलून फडताळात ठेवला तो ठेवलाच. लोक दाराला कडी लावतात, हिनं डोक्यावर जट ठेवली. आता हे सरांना कसं सांगणार? एक तर चहा पिता पिता सांगण्यासारखं नव्हतं, आणि दगडोबा शेजारीच बसून बशीतला चहा फुंकत होता.

तर खाज. खाज होती, जट जाऊ द्यायची नव्हती, आणि जट असेपर्यंत खाज जाणार नव्हती. अशा पेचातून सरकारं मार्ग काढत नाहीत, पण दिपालीला मोबाइलवर एक बाई सापडली.

बाई परदेशातली, सावळी, तरतरीत. तिच्या डोक्यावर जटा होत्या, त्याही एक-दोन नव्हे, मोजायला बसलं तर दुपार जाईल एवढ्या. आणि ती हसत होती.

"आत्या, हिनं पार्लरमधी बसून करून घेतल्यात. पैसे दिऊन."

"जटा?"

"व्हय. दिवसभर बसली म्हनं."

चंद्रभागाबाईनं मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि बाईला नीट बघितलं.

"हिचा नवरा लई मारत असंल," ती म्हणाली.

दिपाली खो खो हसली. सासूबाईंना विनोद सुचला याचंच तिला कौतुक वाटलं.

बाईचं म्हणणं असं होतं की जटा कोरड्या पडू द्यायच्या नाहीत. त्यांना ओलावा पाहिजे, पण भिजवायच्या नाहीत, नुसता फवारा मारायचा. आणि फवारा घरीच करायचा. बाई इंग्रजीत बोलत होती, पण तिच्या हातातली कोरफड काही इंग्रजी नव्हती. ती तर मागच्या बांधावर, शेळ्यासुद्धा तोंड लावत नाहीत म्हणून, मातलेली होती. जवस चटणीसाठी घरात होताच. गुलाबपाणी दिपालीनं जवळा बाजारच्या आठवडी बाजारातून आणलं.

तिनं मूठभर जवस पाण्यात उकळला. पाणी अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत झालं तसं गरम असतानाच जुन्या ओढणीतून गाळलं, कारण निवल्यावर ते ओढणीतून उतरत नाही, चिकटून बसतं. त्यात कोरफडीचा गर घोटून घातला, गुलाबपाणी घातलं, वर खोबरेलाचे थेंब सोडले. काच पुसायच्या औषधाची एक रिकामी बाटली शिवहारनं कधीतरी आणून टाकली होती. घरात पुसण्यासारखी काच म्हणजे टीव्हीची, आणि टीव्ही बंद पडून दोन उन्हाळे झाले होते. ती बाटली खळखळून धुतली, भरली, हलवली आणि दिपाली सासूच्या मागं उभी राहिली.

"फुस्स" झालं. चंद्रभागाबाईनं खांदे आखडले.

"गार हाय गं."

"बसा निवांत."

निवांत बसणं घटकाभरच झालं. मग जी आग सुटली, तिच्यापुढं आधीची खाज मायाळू मावशी वाटावी अशी. चंद्रभागाबाई अंगणात येरझाऱ्या घालू लागली.

"दिपाली, मी मरावं असं वाटत असंल तर सरळ अळीचं औषध मार की! ते तरी सोसायटीत उधार मिळतंय!"

दिपालीनं व्हिडिओ परत लावला. कोरफडीचं पान कापल्यावर उभं करून ठेवायचं, त्यातलं पिवळं पाणी निथळू द्यायचं, ते अंगाला खाजतं, हे बाईनं सुरुवातीलाच पान हातात धरून दाखवलं होतं. दिपालीनं तेवढं पुढं ढकललं होतं. ती सगळ्याच गोष्टींची सुरुवात पुढं ढकलायची. लग्नाआधी शिवहारच्या नोकरीची चौकशीही तिच्या घरच्यांनी अशीच केली होती.

दुसऱ्या खेपेला पानं नीट निथळली. दिपालीनं बुडाशी हलका फवारा मारला, जट मुठीत दाबत दाबत टोकापर्यंत नेली, फडक्यानं टिपली आणि सासूला उन्हात बसवलं. फडकं पिवळंजर्द झालं. कधीकाळची, कोणाकोणाच्या नवसाची हळद उतरली होती. असं दिवसाआड चाललं. फवारा आठ दिवसांत आंबूस व्हायचा, मग नवा.

दगडोबा शेळ्या घेऊन येताना हे बघायचा. एकदा थांबला.

"कायची फवारणी चाललीय?"

"आत्याच्या डोक्याची."

"अळी हाय का?"

"न्हाई मामा. कोरडं पडलंय, त्याच्यासाठी."

"हं," म्हणून तो गेला. थट्टा करायचा त्याचा स्वभाव नव्हता. जटेच्या बाबतीत तर तो इतक्या वर्षांत जटेपासून दोन हात अंतर ठेवूनच वागत आला होता.

पंधरवड्यानं एका सकाळी चंद्रभागाबाई उठलीच नाही. ऊन ओसरीवर आलं, शेळ्या ओरडायला लागल्या. दगडोबानं दारातून आत बघितलं आणि सुनेला म्हणाला, "बघ बरं, हाय का."

होती. घोरत होती. खाजेनं जागी झाली नव्हती एवढंच. उठल्यावर तिला स्वतःलाच चोरी केल्यासारखं वाटलं. चहा हातात घेऊन ती बराच वेळ नुसती बसून राहिली. तार भिंतीच्या खुंटीला होती, तिकडं तिचं लक्षही गेलं नाही.

पण या जगात कोणाची खाज थांबली की दुसऱ्याला ती सुटते. शुक्रवारी शालूबाईनं जटेला हात लावला आणि तो चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"अगं बया! मऊ! अन् चमकून राहिली! माय, देवी खुश झाली गं!"

दुपारपर्यंत अर्ध्या गावाला कळलं, देवी खुश आहे. देवी नाराज असती तर लोक घरीच बसले असते. खुश म्हटल्यावर रांग लागली. कळमनुरीकडच्या दोन बाया जीप करून आल्या. जो तो ताटं भरून हळद घेऊन. जेवढी दिपालीनं पंधरवडाभर उतरवली तेवढी एका बैठकीत चढली. चंद्रभागाबाई मान डावीकडं टाकून ऐकत राहिली, कोणाची सून, कोणाची म्हैस, कोणाची नापास झालेली पोरगी. सोसवेना तसं दिपालीच पुढं झाली आणि म्हणाली, "हळद ताटात ठिवा. जटेला लावायची न्हाई. देवीनं सांगितलंय."

"कधी?"

"परवा."

बाया बिनतक्रार मागं सरल्या. साबण जे करू शकला नव्हता, सर जे करू शकले नव्हते, ते "देवीनं सांगितलंय" या दोन शब्दांनी झालं. दिपालीला या शब्दांची जरा भीतीच वाटली. मग सवय झाली.

देवी खुश आहे ही बातमी दगडोबाचा धाकटा भाऊ विश्वंभर याच्यापर्यंत पोचली तेव्हा तो आणखी खुश झाला. विश्वंभर देवीच्या देवळाच्या कमिटीवर होता. माघी पौर्णिमेला गावची जत्रा असते. दरवर्षी तो भावजयीला देवळापुढं चौरंगावर बसवायचा. यंदा त्यानं फाट्यावर फ्लेक्स लावायचं ठरवलं. एका शुक्रवारी पोरगं आणून फोटो काढून घेतला. "वहिनी, जट खांद्यावरून पुढं घ्या, पुरी दिसली पाहिजे." फ्लेक्सवर वरती देवी, मधे चंद्रभागाबाई, जट मांडीपर्यंत, आणि खाली हात जोडलेला विश्वंभर, दोघींच्या दुप्पट.

फ्लेक्स लागला त्याच दिवशी, दिपालीनं उन्हात फवारा मारून जट मुठीत दाबली, आणि टोक तिच्या हातात सुटलं.

तुटलं नव्हतं, सुटलं होतं. वीतभर जट उलगडून केस मोकळे झाले होते. राठ, पांढरे, मधेच एखादा काळा. पण केस.

"आत्या! सुटून राहिली! नुसत्या बोटानं! कापायचं कामच न्हाई, असंच हळूहळू—"

चंद्रभागाबाईनं हात मागं नेऊन चाचपलं. सुटे केस बोटांना लागले. ती घाईघाईनं उठली, डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेतला आणि आधी अंगणाच्या फाटकाकडं बघितलं. दगडोबा अजून यायचा होता.

"बंद कर ते."

"काहून?"

"बंद कर म्हनलं ना. फेकून दे बाटली."

"आत्या, तुमी झोपायला लागल्या होत्या."

"झोपले तेवढं बास झालं."

दिपाली बाटली घेऊन तशीच उभी. तेव्हा चंद्रभागाबाईनं सांगितलं. तूर निवडायला घेतली आणि निवडता निवडता सांगितलं, खडे बाजूला काढावेत तसं, एकेक. टायफाइड, भाकरी, हात, म्हातारीची किंकाळी. फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट अर्ध्या सुपातच संपली, याचं तिला जरा वाईटच वाटलं.

दिपालीला मोबाइलवरच्या बाईचा विनोद आठवला आणि आपण किती हसलो तेही.

"ह्यांना ठाऊक हाय?" शिवहारबद्दल तिनं विचारलं.

"पाचवीतल्या पोराला समदं ठाऊक असतंय. म्हून तर वाळूज सुटत न्हाई त्याला."

"पण आता मामा म्हातारे झाले, आत्या."

"मानूस म्हातारा व्हतो. हाताचं काय सांगावं?"

"मी हाय की."

"तू हाइस. अन् जत्रा झाली की शिवहार तुला नेणार हाय. खोली बघितली म्हनून काल फोन आला न्हाई का? मग हितं कोन? मी, ते आन् शेळ्या."

दिपालीनं भांडी घासायला घेतली.

फवारा बंद झाला. तिसऱ्या दिवशी खाज परत आली, माहेरी आल्यासारखी. चंद्रभागाबाईनं खुंटीवरची तार काढली. सुटलेल्या टोकाला तिनं दोऱ्याचे वेढे दिले, पण दोरा सरकायचा. एकदा मऊ झालेली गोष्ट पुन्हा ताठ व्हायला तयार नव्हती. ती दिवसभर पदर दातात धरून वावरू लागली.

जत्रा दोन दिवसांवर आली. दुपारी विश्वंभर आला, हातात नारळाची करवंटी, वर वडाचं पान झाकलेलं. दगडोबा ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. चंद्रभागाबाई खांबाशी. दिपाली आतून बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ती बाटली होती, भरलेली. तिनं न विचारताच नवा फवारा केला होता.

"वहिनी, शालूबाई काय म्हनून राहिली?" विश्वंभरनं सुरुवात केली. "जट सुटायली म्हनं?"

शालूबाईची नजर पदराच्या आतही वजन करायची.

"टोकाला जरा," चंद्रभागाबाई म्हणाली.

"जरा म्हंजी? फ्लेक्सवर मांडीपर्यंत हाय! फाट्यावरून येनारा मानूस आधी फ्लेक्स बघनार अन् मग तुमाला बघनार. त्याला काय वाटंल? देवी पौर्निमेच्या तोंडावर निघून चालली? माझी काय इज्जत राहील कमिटीत?" त्यानं करवंटीवरचं पान उचललं. आत पांढरा, दाट चीक. "वडाचा हाय. सकाळपासून झाडाला चिरा मारून राहिलो. बुवा लोक हेच लावतात. बुडापासून टोकापर्यंत चोपडायचा, दोन दिवसांत लाकूड व्हते."

"म्हंजी जट चिकानं राहती, भाऊजी? देवीनं न्हाई?"

"देवीनंच राहती वहिनी. चीक निमित्त."

"काका, आत्याला बुडाशी जखमा झाल्यात," दिपाली म्हणाली. "त्याच्यावर चीक? रोज झोप न्हाई त्यांना."

"तू मधी बोलू नको पोरी. तुझ्या त्या बाटलीनंच घात केला. बरी चाललेली देवी पातळ केली."

एकीकडं करवंटी, एकीकडं बाटली. चंद्रभागाबाई मधे बसली होती आणि तिला दोन्हीपैकी कशाचाच राग आला नाही. राग यायलाही अंगात काही लागतं. डोक्याच्या बुडाशी आग होती, मानेत कळ होती, आणि तिला एकदम वाटलं की ज्याच्यापासून हे सगळं, त्याला आपण कधी काही विचारलंच नाही. भीती वाटायची म्हणून नाही विचारलं, आणि मग विचारायचं राहूनच गेलं.

"आवो," ती दगडोबाला म्हणाली. "हिकडं बघा."

दगडोबानं बघितलं.

"ही जट गेली, तर तुमी परत हात उचलताल का?"

शेळ्यांनीही त्या क्षणी ओरडायचं थांबवलं असं नाही. त्या ओरडतच होत्या. विश्वंभर मात्र करवंटीत डोकावून चीक नीट आहे ना ते बघू लागला. "वहिनी, हे काय आता... जत्रेच्या टायमाला..." एवढं पुटपुटला आणि तेही करवंटीतच.

दगडोबानं नजर समोरच्या कुडाकडं वळवली. दिपालीनं बाटली काठीसारखी धरली होती.

"खांदा धरलाय," तो म्हणाला.

"काय?"

"उजवा. दिवाळीपून वर जात न्हाई." आणि खोटं वाटू नये म्हणून त्यानं हात उचलून दाखवला. हात छातीपर्यंत आला आणि थांबला. दगडोबाचं तोंड वाकडं झालं. "हितपर्यंतच. सदऱ्यात घालायलाबी तकलीफ हुती."

चंद्रभागाबाई त्या हाताकडं बघत राहिली. "न्हाई उचलणार" असं तो म्हणाला नव्हता. चुकलं असंही म्हणाला नव्हता. माफी मागितली असती तर तिला त्याच्यावर विश्वास ठेवावा लागला असता, आणि तेवढा त्रास आता तिच्यानं झाला नसता. खांद्यावर विश्वास ठेवायची गरजच नव्हती. खांदा समोर दिसत होता.

"दिवाळीपून?"

"व्हय."

"अन् मला सांगितलं न्हाई?"

"तुला काहून सांगू?"

तेही बराबर होतं. तिनं तरी त्याला काय सांगितलं होतं? म्हणजे दिवाळीपासून, तिनं मनाशी हिशेब केला, दिवाळीपासून आपण उगाच एका कुशीवर झोपत होतो. तिला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. बस चुकली म्हणून फाट्यावर उभं राहावं आणि कोणीतरी सांगावं की या रस्त्यानं बस कधीची बंद झाली, तसं काहीसं झालं.

"अन् डावा?"

दगडोबानं डावा हात बघितला, जणू तो कोणाचा आहे हे तपासावं. "डावा बरा हाय."

डाव्या हातानं त्यानं कधी मारलं नव्हतं, आणि नवं काही शिकायचं त्याचं वय राहिलं नव्हतं. तिनं तेवढा धोका पत्करला.

"मग उठा. बांधावरून कोरफडीची चार पानं आना. मोठी बघून. कवळी नको."

दगडोबा उठला नाही लगेच. बायकोनं आयुष्यात पहिल्यांदा काम सांगितल्यावर माणसाला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. मग भिंतीला डावा हात टेकून उभा राहिला, कोनाड्यातला विळा घेतला आणि विळा हातात बघून दिपाली अर्धं पाऊल पुढं सरकली. पण तो पायऱ्या उतरून बांधाच्या दिशेनं निघून गेला.

"वहिनी," विश्वंभर म्हणाला, "फ्लेक्सचं काय?"

"फ्लेक्सवर मी हाय ना? मांडीपर्यंत जट घिऊन? तिलाच बसवा चौरंगावर. हळदबी तिलाच लावा. ती काई खाजवायची न्हाई."

"लोक काय म्हंतील?"

"देवीनं सांगितलंय म्हना," दिपाली म्हणाली.

विश्वंभरनं करवंटी खाली ठेवायला बघितली, पण चीक वाळायला लागला होता आणि अंगठा काठाला चिकटला होता. तो हात झटकत, करवंटीसकट, फाटकाबाहेर गेला. कमिटीत हे कसं मांडायचं याचा विचार त्याच्या पाठीवरही दिसत होता.

चंद्रभागाबाईनं डोक्यावरचा पदर काढला, दोरा सोडला आणि खांबाला टेकून सुनेकडं पाठ केली.

"मार. बुडापासून मार."

फवारा गार लागला. तिनं या वेळी खांदे आखडले नाहीत. दिपाली खाली बसली, सुटलेलं टोक मांडीवर घेतलं आणि एकेक केस वेगळा करायला लागली. केस तुटत होते, हळद निघत होती, कधीचा तरी भंडारा, एक वाळलेली चिपाडाची काडी.

"लई दिवस लागतील आत्या. अन् समदे न्हाई सुटायचे. वरचे लई घट्ट हायेत."

"वरचं ऱ्हाऊ दे मग. मान वळंल एवढं सोड."

"जत्रा झाल्यावर मी गेले तर?"

चंद्रभागाबाईनं बांधाकडं बघितलं. तिकडून दगडोबा येताना दिसत होता. चार पानं सांगितली होती, त्यानं डाव्या काखेत बुडख्यासकट आख्खी कोरफड मारली होती आणि काटे लागत असल्यामुळं वाकडा चालत होता.

"जाशील तवा जा," ती म्हणाली. "जायच्या आधी ह्यांना जवस गाळायला शिकव. गरम असतानाच गाळतात, सांग. थंड झाल्यावर ह्यांच्याच्यानं व्हनार न्हाई."